कुंपणापलीकडची घरे

काही महिन्यांपूर्वी डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या आमच्या दारावर सह्यांचा कागद आला. पलीकडच्या मोकळ्या जमिनीवर फ्लॅट होऊ नयेत, अशी हरकत त्यात होती. कागद आणणाऱ्या शेजारीणबाई अडीनडीला धावून येणाऱ्या. आम्ही नवखे असताना कचऱ्याचा डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, हे त्यांनीच शिकवले. तरीही मी सही केली नाही. दारात उभ्याने कारण नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगतो.

आम्ही राहतो ते ॲडम्सटाऊन ल्यूकनच्या शेतजमिनीवर उभे आहे. 2001 मध्ये सरकारने ही जागा खास विकास क्षेत्र म्हणून जाहीर केली, तेव्हा जुन्या ल्यूकनकरांचा विरोध मोठा होता. रस्ते आधीच तुंबलेले, शाळांत जागा नाही. त्यात हजारो घरे कशाला, असे ते विचारत. सुनावण्या झाल्या आणि 2003 मध्ये योजना मंजूर झाली. ज्या घरात आम्ही दरवर्षी गणपती बसवतो, ते घर कोणाच्या तरी हरकतीनंतरच बांधले गेले आहे. आता त्याच घराच्या ओट्यावर बसून पुढच्याला अडवायचे, हे मला पटत नाही.

पण ती हरकत वाया गेली नाही. योजनेत टप्पे बांधून दिले गेले: ठरलेली घरे झाली की रस्ता, शाळा, बाग, स्टेशन आधी, ते झाल्याशिवाय पुढची घरे नाहीत. 2007 मध्ये, घरे जेमतेम उभी राहत असतानाच, इथे रेल्वे स्टेशन सुरू झाले. नवी मुंबई आठवा. ते शहर वसवणारी सिडको 1970 ची, पण मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला लोकल आली 1992 मध्ये. मधली वीस-बावीस वर्षे माणसांनी बसच्या रांगेत काढली. विरोध करणाऱ्यांनी ॲडम्सटाऊनला त्या हालांतून वाचवले, असे मी मानतो.

अविश्वासालाही कारणे आहेत. शेजारच्या क्वारीव्हेलच्या जमिनीचे आरक्षण बदलताना नगरसेवकांना पैसे चारले गेले, हे नियोजनातील भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या महॉन आयोगाच्या 2012 च्या अहवालात नोंदलेले आहे. आमच्याच रेल्वेमार्गावरचे किशोगचे स्टेशन 2009 मध्ये बांधून तयार होते. कुलूप निघाले ऑगस्ट 2024 मध्ये. पंधरा वर्षे गाड्या समोरून न थांबता जात राहिल्या, कारण मंदी आली आणि ज्यांच्यासाठी ते बांधले, ती घरेच झाली नाहीत. त्याच मंदीत ॲडम्सटाऊनही हजार-सव्वा हजार घरांवर अडकले. स्टेशनजवळ धड दुकाने यायला दीड दशक लागले. घरे कमी झाली म्हणून सोयी सुधारल्या नाहीत, त्या रखडल्या. विरोधकांनी हे लक्षात घ्यावे, असे मला मनापासून वाटते. दुकान, बस, डॉक्टर माणसे असतील तिथेच येतात.

आता क्लोनबरिसला, किशोग स्टेशनच्या आसपास, आठ हजारांहून अधिक घरांची योजना आहे. ती 2019 मध्ये मंजूर झाली. 2022 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 51 लाखांवर गेली. 1851 नंतर प्रथमच ती 50 लाखांपलीकडे गेली आहे. ही माणसे आत्ता, इथेच आहेत. आपल्या मराठी मंडळींतली नवी जोडपी एका बॉक्स रूमसाठी निम्मा पगार मोजतात. आणि घर नाही ते फक्त परक्यांना, असेही नाही. त्या शेजारीणबाईंचा तिशी ओलांडलेला मुलगा नोकरी करतो आणि अजून आपल्या लहानपणच्या खोलीत झोपतो. पलीकडचे फ्लॅट त्याच्यासाठीही आहेत. हे मी त्यांना नंतर, चहा पिताना, सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या.

हरकत घेणारे पत्र लिहितात. घराची गरज असणारा लिहीत नाही. तो अजून त्या गावात राहायलाच आलेला नसतो. त्याच्या वतीने आपण लिहायला हवे. बांधकाम परवानगीचा अर्ज दाखल झाल्यापासून पाच आठवड्यांत, 20 युरो भरून, कोणीही स्थानिक कौन्सिलकडे म्हणणे मांडू शकतो. नागरिकत्वाची अट नाही, आणि पाठिंब्याचे पत्रही हरकतीइतकेच नोंदले जाते. त्यात शाळा मागा, बस मागा, दवाखाना मागा. पण घरे होऊ द्या, हे आधी लिहा. मी माझे पत्र पाठवले आहे. ल्यूकनमधल्या मराठी मंडळींनी आपापले पाठवावे.