फुलाच्या बाजूने

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म करआकारणीसाठी मधमाशीचा दाखला देतात : मध घ्यावा, फूल दुखावू नये. म्हणजे कर धर्म्य आहे का, हे फुलाकडे पाहून ठरवायचे. आपण मात्र माशी कोणत्या पक्षाची, तेवढेच पाहतो. पेट्रोल 2010मध्ये आणि डिझेल 2014मध्ये नियंत्रणमुक्त झाले. दर बाजाराप्रमाणे हलतील, हे तत्त्व दोन वेगवेगळ्या सरकारांनी स्वीकारले. तरी मे 2020मध्ये कच्चे तेल कोसळलेले असताना पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरमागे 32.98 रुपयांवर गेले. त्यात राज्यांशी वाटून घ्यायचा मूळ भाग जेमतेम 2.98 रुपये! विरोधात असताना जी दरवाढ लूट वाटते, ती सत्तेत राष्ट्रकार्य कशी ठरते? राज्येही व्हॅट लावून केंद्राकडे बोट दाखवतात.

करोनाकाळात तिजोरीला पैसा हवा होता, आणि महाग इंधनाने धूर कमी होतो, हे आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतात. पण मग ते कारण उघड सांगून, मुदत घालून कर घ्यावा. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला आणि धनिकाच्या डिझेलवर चालणाऱ्या आलिशान गाडीला लिटरमागे सारखाच भार पडतो. दुखापत सारखी नसते. पक्षनिष्ठेला नेमका हाच फरक दिसत नाही.