हाताखालच्यांचा अपराध

ज्या कृत्यास आपला हात लागला नाहीं, ज्याची आज्ञा आपण दिली नाहीं, कदाचित् जें आपण डोळ्यांनीं पाहिलेंही नाहीं, त्याचा जाब मनुष्यानें द्यावा काय? हा प्रश्न वाचकांस पंडितांचा वाटेल. परंतु ज्याच्या हाताखालीं एकही मनुष्य आहे, त्यास तो चुकत नाहीं. गड्यानें गुरें मोकाट सोडून शेजाऱ्याचें उभें पीक तुडविलें, तर ‘मी घरीं होतों’ एवढें म्हटल्यानें पंच धन्यास सोडीत नाहींत. सैन्यांत पिकाच्या ठिकाणीं माणसें असतात.

जपानचे सेनापति हितोशी इमामुरा यांचें चरित्र ह्या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १९४२ च्या मार्चांत त्यांनीं जावा बेट जिंकलें, आणि जिंकलेल्या लोकांशीं ते इतक्या सौम्यपणानें वागले कीं, तोकियोंतील वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते न्यू ब्रिटन बेटावर रबौल येथें मुख्य सेनापति झाले. शत्रूनें समुद्रमार्ग तोडल्यावर त्यांनीं सैन्यास जमीन खणावयास व भाजीपाला पिकवावयास लाविलें, आणि तें सैन्य जगलें. परंतु त्याच मुलखांत सिंगापुरास शरण गेलेले हिंदुस्थानचे शिपाई कैदी म्हणून आणून राबविले जात होते. त्यांपैकीं कित्येक उपासमारीनें, रोगानें व मारानें मेले. कित्येकांस ठार मारण्यांत आलें. ज्यास पोटाची एवढी काळजी वाहतां आली, त्यास ह्यांचीं पोटें दिसलीं नाहींत काय?

आणखी एक गोष्ट आम्हांस याहून जड वाटते. १९४१ च्या जानेवारींत जपानी शिपायांकरितां जे आचारनियम प्रसिद्ध झाले, त्यांच्या रचनेंत इमामुरांचा हात होता. जिवंतपणीं शत्रूचा कैदी होणें ही लाजिरवाणी गोष्ट होय, असें त्यांत बजाविलें होतें. हें ज्यास शिकविलें, तो हातीं आलेल्या कैद्यास मनुष्य कसा लेखील? तेव्हां हात लागला नाहीं, हें तरी पुरतें खरें कोठें?

१९४७ च्या मे महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या लष्करी न्यायालयानें, हाताखालच्या माणसांस आवरण्याचें कर्तव्य त्यांनीं केलें नाहीं, म्हणून त्यांस दहा वर्षांची शिक्षा दिली. (जावांतील डच न्यायालयानें मागाहून त्यांस निर्दोष ठरविलें.) पुढें तोकियोंतील सुगामो तुरुंगांत त्यांची रवानगी झाली. स्वदेशीं, आप्तांजवळ शिक्षा भोगावयाची. दुसरा कोणी संतुष्ट झाला असता. पण त्यांचे शिपाई विषुववृत्ताजवळच्या मानुस बेटावर कैदेंत होते. आपणांसही तेथेंच धाडावें, अशी मागणी त्यांनीं केली आणि १९५० सालीं ते तेथें गेले. १९५३ सालीं तो तुरुंग बंद होईपर्यंत ते तेथें राहिले. १९५४ सालीं सुटका झाल्यावर त्यांनीं आपल्या अंगणांत कोठडीसारखी लहानशी खोली बांधिली आणि १९६८ सालीं मरण येईपर्यंत तींत वास केला.

हें वाचून आमचें मन द्रवलें, हें आम्ही लपवीत नाहीं. ‘मला ठाऊक नव्हतें’ म्हणून सुटूं पाहणारे पुढारी पुष्कळ. सुटका टाळून शिक्षेच्या ठिकाणीं जाणारा विरळा. तथापि मानुसास ते ज्यांच्या शेजारीं जाऊन बसले, ते त्यांचेच शिपाई होते. रबौलास ज्यांचीं हाडें राहिलीं, त्यांच्या बायकामुलांनीं हिंदुस्थानांत जी वाट पाहिली असेल, तिचें देणें त्या अंगणांतल्या खोलींत किती फिटलें, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.