संगत

माझ्या भाच्याने तीन वर्षे एकट्याने संगीत केले. 'केले' हा त्याचाच शब्द. गायले नाही, वाजवले नाही, केले. खोलीचे दार लावायचे, हेडफोन चढवायचे आणि संगणकापुढे बसून एकेक ध्वनी घडवायचा. कुकरची शिट्टी, जिन्यावरची पावले, पागोळ्यांची टिपटिप, सारे तो टिपून घेई आणि असे काही पालटून टाकी की कुकरलाही आपली शिट्टी ओळखू येऊ नये. नको ते पुसायचे, चुकले ते सुधारायचे. घराला उपद्रव शून्य. त्यामुळे कौतुक करणे आम्हांला मुळीच जड गेले नाही.

गेल्या दिवाळीआधी त्याने दोन सोबती जमवले: ड्रम वाजवणारा मित्र आणि गाणारी मैत्रीण. पाडव्याला सोसायटीच्या अंगणात तिघांचा कार्यक्रम ठरला आणि तालमी आमच्या दिवाणखान्यात सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. एका ओळीच्या शेवटी मुलीचा सूर असा लागला की तिला तो सोडवेना. ड्रमवाला तिच्याकडे पाहत थबकला. संगणक मात्र थबकला नाही. तो ठरल्या क्षणी पुढच्या कडव्यात दाखल झाला.

"तू चुकलीस," भाचा म्हणाला.

"मी नाही चुकले. ते थांबलं नाही," ती म्हणाली.

चहाचा ट्रे हातात घेऊन मी दारातच उभा राहिलो. कोणाचे खरे?

भाच्याने साक्षीला बोलावले ते 'क्राफ्टवर्क' या जर्मन वाद्यवृंदाला. "मामा, ते लोक तर यंत्रांसारखेच वाजवायचे. यंत्रानं थांबावं, असं त्यांना कुणी म्हणालं नाही." त्याच्या हट्टापायी मी त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, त्यांची हकिकतही वाचून काढली. नावाचा अर्थच मुळी वीजनिर्मिती केंद्र. १९७० साली ड्युसेलडॉर्फ शहरात राल्फ ह्युटर आणि फ्लोरियन श्नायडर या दोघांनी हा संसार मांडला. श्नायडर मूळचा बासरीवाला. १९७२ च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तालवादकच नव्हता. दोघांनीच सारे केले आणि ताल यंत्रावर सोपवला. पण १९७३ मध्ये वोल्फगांग फ्ल्यूर त्यांना येऊन मिळाला. हातात धातूच्या काड्या, पुढे धातूच्या पट्ट्या. काडी पट्टीला टेकली की वीजप्रवाह जुळायचा आणि ठोका उमटायचा. आवाज विजेचा, पण वेळ माणसाच्या मनगटाची. १९७५ मध्ये कार्ल बार्टोस आला आणि चौघे अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले.

भाच्याची साक्ष अगदीच खोटी नव्हती. १९९१ च्या दौऱ्यात 'द रोबॉट्स' हे गाणे आले की वादकांच्या जागी त्यांच्याच चेहऱ्याचे यंत्रमानव हातवारे करीत आणि लोक टाळ्या वाजवीत. त्या टाळ्या कोणाला, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण १९८१ च्या ज्या दौऱ्यात ते मुंबईलाही येऊन गेले, त्या दौऱ्यात 'पॉकेट कॅल्क्युलेटर' या गाण्याच्या वेळी हेच लोक हातात मावतील अशी वाद्ये घेऊन रंगमंचाच्या कडेशी येत आणि पुढच्या श्रोत्यांना बटणे दाबू देत. कोण कधी दाबील, कोणता सूर निघेल, याचा नेम नाही. बंद स्टुडिओत एकेक ध्वनी घासूनपुसून लख्ख करणाऱ्यांनी अनोळखी बोटापुढे वाद्य धरावे, याला काय म्हणायचे? मला तर ते आमंत्रण वाटते: या, आमचे थोडे बिघडवा!

आपल्याकडे तबल्यापेटीच्या साथीला संगत म्हणतात, आणि मुलगा कोणाबरोबर हिंडतो त्यालाही संगतच म्हणतात. पेटीवाला गायकाच्या गळ्यामागून जातो. तबलजी लय धरून ठेवतो, म्हणूनच गवयाला खुशाल दूर जाऊन समेवर परत येता येते. म्हणजे ठाम राहणे हीदेखील सोबतच. मग यंत्राचे चुकले कोठे? तबलजीही ठाम, यंत्रही ठाम. फरक एवढाच, की तबलजी ऐकत असतो. गवई घसरला तर तो सांभाळून घेतो. एकट्याने केलेली चूक पुसता येते. चारचौघांत झालेली पुसता येत नाही, ती सांभाळूनच घ्यावी लागते. घरात तरी दुसरे काय असते? वेळेवर निघणाऱ्याचा काही दोष नसतो. पण आपण चपला शोधत असताना जो घड्याळ दाखवून पुढे चालू लागतो, त्याच्याबरोबर प्रवासाला जावेसे वाटत नाही.

हे मी भाच्याला सांगितले नाही. चार दिवसांनी पाहतो, तो त्याने स्वतःच तोड काढली होती. पुढचे कडवे आपोआप सुरू होऊ न देता त्याने ते एका बटणाला बांधून ठेवले. ती सूर सोडील, तेव्हा दाबायचे.

पाडव्याच्या संध्याकाळी मुलीचा सूर लांबत गेला. भाच्याचे बोट बटणावर अधांतरी, आणि नजर पडद्यावरून उठून तिच्या चेहऱ्यावर. तरी बटण अंमळ उशिराच दाबले गेले. मधल्या फटीत कोण्या पोराने टिकली फोडली आणि ड्रमवाल्याने तोच ठोका समजून ठेका उचलला. मुलगी हसली, भाचाही हसला. खोलीत असता, तर त्याने ते पुसून टाकले असते.