चष्म्याच्या घरातला हत्ती

माझ्या मुलीसाठी मी एक हत्ती रचला होता. अंगठ्याएवढा. त्याच्या मापाचं घर दुसरीकडे कुठे मिळेना, म्हणून तो माझ्या चष्म्याच्या घरात राहायला आला. रात्री मुलगी ते घर उशाशी ठेवायची आणि झाकण बोटभर उघडं सोडायची, हत्तीला वारा लागावा म्हणून. दिवा मालवला की गोष्ट सुरू. माझं वाक्य संपायच्या आत तिचं "मग?" यायचं. हत्तीची छत्री पिवळी होती. एकदा मी चुकून निळी म्हणालो, तर तिनं गोष्ट थांबवून ती पुन्हा पिवळी करून घेतली.

तिचा एवढा विश्वास होता, हे आधी लिहून ठेवतो. कारण पुढचं त्याशिवाय नीट कळणार नाही.

एका संध्याकाळी आजीच्या खोकल्याच्या औषधाची बाटली फुटली. "बाळानं फोडली," असं माझी मुलगी म्हणाली. बाळ तेव्हा पाळण्यात झोपलेलं होतं. मी तिला काही बोललो नाही. समजूतदारपणानं गप्प राहिलो असं आजीला वाटलं असेल, मलाही तेव्हा तसंच वाटलं. खरं म्हणजे मी राग रात्रीसाठी जपून ठेवला.

त्या रात्री हत्तीनं मडकं फोडलं. तो खोटं बोलला. मग खारीनं त्याच्याशी कट्टी घेतली, मग सशानं, मग मैना उडून गेली. रात्र झाली, जंगलात एकटा हत्ती. मी थांबलो. "मग?" आलं नाही. बऱ्याच वेळानं अंधारातून बारीक आवाज आला, "आणि त्याचा बाबा?"

मी म्हणालो, "बाबाही गेला."

हे दोन शब्द मी का उच्चारले, ते मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. तिनं खोटं बोलू नये म्हणून, हे उत्तर लगेच मिळतं, पण ते पुरत नाही. ती घाबरली आहे हे मला कळलं होतं आणि ते मला त्या क्षणी हवं होतं. चार वर्षांच्या पोरीला हात लावायला मी धजलो नसतो. गोष्टीत मात्र हात न लावता मारता येतं. अंधार होता, तिचा चेहराही मला बघावा लागला नाही.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' मी आवडीनं वाचलं होतं. त्यातल्या शिक्षकाचे सुरुवातीचे बेत वर्गात फसतात, मग तो गोष्टींकडे वळतो आणि दंगा करणारी मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. मी त्यातून 'गोष्टीनं मुलं वळतात' एवढं सोयीचं उचललं. मुलांना आनंद व्हावा म्हणून तो सांगत होता, हे बाजूला राहिलं.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातही रात्री आहेत, गोष्टी आहेत आणि संस्कार तर आहेतच. पण श्याम गोष्ट सांगतो ती स्वतःच्या चुकांची. पोहायच्या भीतीनं लपून बसला तो श्याम, कळ्या तोडून आणल्या त्याही श्यामनं. सांगणारा स्वतः आरोपीच्या जागी उभा राहतो. मी तिथे माझ्या लेकीला उभं केलं, आणि तेही तिच्याच आवडत्या हत्तीच्या कातड्यात.

चिऊ-काऊच्या गोष्टीतही कावळा पावसात दाराबाहेर ताटकळतो, असं मी मनाची समजूत घालायला म्हणून पाहिलं. टिकलं नाही. ती गोष्ट कित्येक आज्यांच्या तोंडून फिरत आली आहे. सांगणाऱ्याचा त्या दिवसाचा राग तिच्यात उरत नाही, आणि त्या कावळ्याला कुठल्याही एका मुलाचा चेहरा नसतो. माझी गोष्ट तव्यावरून थेट तिच्या हातावर ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती आजीकडे झोपू लागली. तिला चिऊ-काऊच हवी असायची. चष्म्याचं घर टेबलावर पडून राहिलं, झाकण लावलेलं.

चौथ्या रात्री मीच तिला म्हणालो, "अगं, हत्तीचा बाबा परत आला."

"कुठे गेला होता?"

"कामाला."

मी पुन्हा खोटं बोललो. ज्या खोटेपणासाठी तिला शिक्षा केली, तोच मी मऊ आवाजात केला होता. ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली. तिला ते पटलं नव्हतं. लहान मुलांना आपली थाप कळत नाही असं आपण धरून चालतो, मीही धरून चाललो होतो.

त्यानंतर दोन दिवस मला धड काही सुचलं नाही. तिसऱ्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "तो कामाला नव्हता गेला," मी म्हणालो, "तो रागावला होता. म्हणून निघून गेला होता."

ती उठून बसली. "अजून रागावलाय?"

"नाही."

"मग हत्तीला सांगितलं का त्यानं?"

हत्तीच्या आडून याचं उत्तर मला देता येईना. मी उठलो आणि दिवा लावला.