पत्र्यावरचा नंबर आणि नागसेनांचा रथ

माझ्या 1985 च्या पद्मिनीत कारखान्यातून आलेलं आता फार थोडं उरलंय. इंजिनाचं बोअर करून स्लीव्ह बसवल्या, पिस्टन नवे घातले. कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा आहे. खालचा पत्रा गंजला होता, तो कापून नवा जोडला. दोन दरवाजे भंगारात निघालेल्या टॅक्सीचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टर्निंगचं काम आहे, त्यामुळे किती तरी बुश आणि पिना मी माझ्याच लेथवर काढल्यात. गाडी बघायला येणारी पोरं विचारतात, "काका, एवढं सगळं बदललं, मग ही तीच गाडी कशी?"

प्रश्न खरा आहे, आणि दोन हजार वर्षांहून जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद रथातून भिक्खू नागसेनांना भेटायला येतो. नागसेन विचारतात, दांडा म्हणजे रथ का? आस? चाकं? साटा, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळ्यांची बेरीज? तेही नाही. यांच्यावेगळं काही? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या भागांच्या आधाराने व्यवहारात पडलेलं नाव म्हणजे रथ. माणसाचंही तसंच, असं नागसेनांना दाखवायचं होतं.

माझ्या वडिलांचा ओढा कठोपनिषदाकडे होता. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, आणि आत बसलेला आत्मा हा रथी, असं ते सांगायचे. मी मात्र नागसेनांकडे ओढला गेलो, आणि तो लेथमुळे. गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग माझ्या हाताखालून गेला आहे. उघडलं की पुढचा भाग दिसतो, त्याच्या आत त्याच्या पुढचा. आत बसलेलं कुणी मला कधी भेटलं नाही.

आरटीओचं उत्तर वेगळं आहे. त्यांच्या लेखी गाडीची ओळख म्हणजे चेसिस नंबर. इंजिन बदललं तर परवानगी घेऊन आरसीवर नोंद करता येते, रंग बदलता येतो, मालक तर बदलतातच. पण पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. ती मूळच्या फियाट 1100 ची गाडी, बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे ज्याला सरकार गाडीचा गाभा मानतं, तो वेगळा काढून दाखवता येईल असा भागच नाही. पत्र्यावर ठोकलेले काही आकडे आहेत. व्यवहाराला ते हवेतच, नाहीतर चोरीची गाडी ओळखणार कशी? नागसेनांनीही नावं पुसून टाकायला सांगितलं नव्हतं.

या प्रश्नावर इंग्लंडच्या हायकोर्टानेही निकाल दिला आहे. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही रेसिंग गाडी. 1929 आणि 1930, दोन्ही वर्षी फ्रान्समधली ल माँची 24 तासांची शर्यत तिने जिंकली. दोन्ही वेळा चालवणाऱ्यांत वुल्फ बार्नाटो होता. 1932 साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मोठं इंजिन घातलेली हीच गाडी चालवताना क्लाइव्ह डनफी मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली. पुढे एका कंपनीने ती एक कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि नंतर माघार घेतली. कारण काय, तर ल माँ जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात फारसं काही उरलेलं नाही, म्हणून ही ती नव्हे. मालक कोर्टात गेला. 1990 साली न्यायमूर्ती ओटन यांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलत गेले ते हळूहळू, गाडी चालू असताना, आणि नवे भाग तिच्यात सामावत गेले. त्यामुळे तिची ओळख कधीच तुटली नाही, असा त्याचा आशय. सातत्य हीच ओळख.

मला हा निकाल मनापासून पटतो. त्या गाडीचे भाग गेले ते ती शर्यतीत धावली म्हणून. शेडमध्ये झाकून ठेवली असती तर सगळे मूळ भाग राहिले असते, रबर कडक होऊन, कार्बोरेटरात पेट्रोलचा डिंक होऊन. इंजिन नंबर जुळतो का एवढंच बघून जुन्या गाडीला लाखो रुपये जास्त देणारे लोक आहेत. ते न बदलणारं काहीतरी मुठीत धरायला बघतात. गाडी चालवावी, झिजू द्यावी, दुरुस्त करावी.

मग पुढे जातं तरी काय? दुसऱ्याची गाडी हातात घेतली की ते कळतं. आधीचा मालक क्लचवर पाय ठेवून चालवत असेल तर रिलीज बेअरिंग आवाज करतं. गिअर ओढून टाकायची सवय असेल तर दुसरा गिअर खरखरतो. ब्रेक एका बाजूला ओढतात, स्टिअरिंगला खेळ आलेला असतो. तो माणूस गेला, त्याचं नावही आरसीवरून गेलं, पण त्याचं वागणं लोखंडात उरलं. कर्म पुढे जायला आत्मा लागत नाही हे मला पोथीआधी गिअरबॉक्सने शिकवलं.

आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात याच जागी धर्माचा प्रश्न येतो. ठोकलेली गाडी लांबी भरून, रंग मारून उभी करतात, मीटर मागे फिरवतात, आणि विचारलं तर म्हणतात, "आता सगळं नवं आहे साहेब, जुनं कशाला काढता?" हा युक्तिवाद आंबेचोराचा आहे. नागसेनांचाच तो दृष्टांत, डॉ. आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्येही घेतला आहे: मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, असं चोराला म्हणता येत नाही, कारण हे त्यांतूनच आले. भाग बदलले म्हणून जबाबदारी बदलत नाही. वाकलेला सांगाडा ओढून सरळ केला असेल तर घाटात ओल्या वळणावर त्याची किंमत मोजणारा नवा मालक असतो, आणि त्याच्या मागच्या सीटवर पोरं असतात. गाडीला आत्मा नाही म्हणून सगळं माफ, असं म्हणणाऱ्याला नागसेन कळलेच नाहीत. आत कुणी नित्य नाही म्हणूनच काय केलं याला एवढं महत्त्व आहे.

घेणाऱ्याने पत्र्यावर चुंबक फिरवावं, दाराचं रबर सरकवून वेल्डिंगचे ठिपके कारखान्याचे आहेत का बघावं, थंड इंजिन स्वतः चालू करावं. पण माझी विनंती विकणाऱ्याला आहे. आरसी आणि दोन्ही चाव्यांबरोबर एक कागद द्या: काय बदललं, कुठे ठोकली होती, कुणाकडे दुरुस्त केली. भाव थोडा पडेल. पडू द्या.