वंशाचा दाखला

ज्याच्या मातापित्यांपैकी किंवा आजीआजोबांपैकी एक जण तरी जन्मतः फिनलंडचा नागरिक आहे अथवा होता, त्याला केवळ त्या नात्याच्या बळावर फिनलंडमध्ये राहण्याचा परवाना मिळू शकतो, असे त्या देशाचा परकीय नागरिकांविषयीचा २००४ चा कायदा सांगतो. पणजोबांपर्यंत मात्र हा हक्क पोहोचत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० पर्यंत सुमारे तीन लक्ष फिनिश माणसे उत्तर अमेरिकेत गेली आणि मिशिगन-मिनेसोटाच्या खाणींत व अरण्यांत राबली. त्यांच्या आजच्या पिढीतील बहुतेक वंशज या हद्दीबाहेर पडले आहेत. जे हद्दीत आहेत त्यांचे काम त्या मानाने सुकर आहे, कारण कोण कोठे जन्मला, कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेला, इतकेच नव्हे तर त्याला धर्मपाठ कितपत वाचता येत होता, हेही लूथरपंथी धर्मोपदेशकांनी शतकानुशतके आपल्या वह्यांत टिपून ठेवले आहे.

परंतु खरा पेच आहे तो इंग्रियाच्या फिनिश लोकांचा. १६१७ च्या स्टोल्बोव्हो येथील तहाने नेव्हा नदीभोवतालचा हा मुलूख स्वीडनच्या अमलाखाली आला, तेव्हा कारेलिया आणि सावो प्रांतांतील शेतकरी तेथे जाऊन वसले. पुढे १७०३ मध्ये त्याच भूमीवर रशियाच्या झार पीटरने आपली नवी राजधानी उभारायला घेतली आणि ही फिनिशभाषी, लूथरपंथी प्रजा रशियाची रयत झाली. फिनलंड स्वतंत्र झाले १९१७ मध्ये. म्हणजे ज्या राष्ट्राचे नागरिकत्व या लोकांकडून दाखवून मागावे, ते राष्ट्र जन्मण्यापूर्वी तीनशे वर्षे त्यांचे पूर्वज तेथून निघालेले होते. सोव्हिएत राजवटीने त्यांच्या अंतर्गत पारपत्रात 'राष्ट्रीयत्व : फिन' अशी नोंद केली आणि स्तालिनच्या काळात तीच नोंद त्यांच्या हद्दपारीला कारण झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ मध्ये, सुमारे त्रेसष्ट हजार इंग्रियन फिनलंडमध्ये आणले गेले. युद्धविरामानंतर त्यांतील सुमारे पंचावन्न हजार सोव्हिएत संघात परतले, आणि आपल्या गावी जाऊ अशी आशा बाळगणाऱ्या त्या कुटुंबांना दूरदूरच्या परक्या प्रांतांत वसवण्यात आले.

१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष माउनो कोइव्हिस्तो यांनी या लोकांना स्वदेशी परतणारे मानावे, असे जाहीरपणे म्हटले, आणि पुढील अडीच दशकांत सुमारे तीस हजार माणसे या मार्गाने फिनलंडमध्ये आली. स्वतः अर्जदार, त्याच्या मातापित्यांपैकी एक, किंवा चार आजीआजोबांपैकी दोघे फिनिश राष्ट्रीयत्वाचे म्हणून नोंदलेले असावेत, अशी अट होती. म्हणजे ज्या कागदाने आजोबांना सैबेरिया दाखवला, तोच कागद नातवाच्या हाती सनद म्हणून आला. पण ज्या आईने भयापोटी आपल्या मुलाची नोंद रशियन म्हणून केली, तिच्या सावधपणाचा भुर्दंड तिच्याच वंशाने का सोसावा? दप्तर हे सत्याचे साधन आहे, पण ते दहशतीच्या हातून लिहिले गेले असेल तर त्याच्या मौनालाही पुरावा म्हणून ऐकण्याची जबाबदारी न्यायबुद्धीच्या राज्यावर येते, असे मला वाटते.

२००३ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली. ती मला अन्याय्य वाटत नाही, कारण भाषा शिकता येते, पूर्वज मात्र शिकून मिळत नाहीत. २०११ मध्ये परतू इच्छिणाऱ्यांच्या यादीत नव्या नावांची नोंदणी थांबली आणि १ जुलै २०१६ रोजी हा मार्ग बंद झाला. ज्यांना युद्धकाळात स्वतः फिनलंडमध्ये आणले गेले होते, किंवा ज्यांनी फिनलंडच्या सैन्यात सेवा केली होती, त्यांच्यापुरता हक्क कायद्याने शिल्लक ठेवला. ही माणसे आता ऐंशीच्या पलीकडे आहेत. नागरिक आजीच्या नातवाला जो हक्क मिळतो, तो परत गेलेल्या आजीच्या नातवाला नाकारणे मला न्यायाचे वाटत नाही. फिनलंडच्या संसदेने निदान त्या पंचावन्न हजारांच्या मुलानातवंडांसाठी तरी हा मार्ग पुन्हा उघडावा.