पाऊल उचलू दे

पांडुरंगा, इथिओपियात ताना सरोवराच्या काठी बसून मी तुझं नाव घेते आहे. इथे त्या नावानं तुला कुणी हाक मारत नाही. पण पहाटे चर्चच्या कुंपणाला कपाळ टेकवून, भिंतीचा मुका घेऊन तशाच कामाला निघणाऱ्या बायांचं गाऱ्हाणं तू माझ्या कितीतरी आधीपासून ऐकतो आहेस. त्यांच्या मागे मी उभी आहे. माझंही ऐक.

आधी मला इथल्या वेळेत रुळू दे. इथे घड्याळ उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. तीन वाजता बोलावलेली बाई आपल्या नऊला दारात हजर असते. वर्षाचे महिने १३, त्यातला शेवटचा जेमतेम पाच-सहा दिवसांचा, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. केसपेपरवरच्या तारखा जुळवताना माझी तारांबळ उडते. त्या घाईत या लोकांना वेळेचं भान नाही असं माझ्या मनातसुद्धा येऊ देऊ नकोस. सूर्य उगवला की दिवस सुरू, इतकं सरळ आहे ते.

आता ज्यांच्यासाठी आले त्यांच्याबद्दल बोलते. देवा, तू पाहतोसच. पोर लहान, दवाखाना लांब, बाळंतपण अडतं. दिवसच्या दिवस कळा. बाळाचं डोकं ओटीपोटाच्या हाडांत अडकून बसतं, मधला मऊ भाग चेपतो, त्याचं रक्त तुटतं, तो मरतो आणि भोक पडतं. त्याला फिस्टुला म्हणतात. बाळ बहुतेक वेळा जातं आणि आईच्या नशिबी रात्रंदिवस गळणारी लघवी येते. वासामुळे माणसं दूर होतात. त्याच दाबाखाली नस सापडली तर पाऊल लुळं पडतं, चालताना बोटं जमिनीला घासतात. भोक सर्जन शिवतात. पाऊल माझ्याकडे येतं, मी फिजिओथेरपिस्ट.

अशाच एका मुलीचा घोटा आज माझ्या तळहातात होता. 'वर उचल' म्हटल्यावर पाऊल हललं नाही, पण नडगीच्या बाहेरच्या अंगाला स्नायूची एक बारीकशी थरथर बोटांना लागली. देवा, तेवढ्यावर मला आशा ठेवू दे आणि तिला खोटी आशा दाखवण्यापासून मला आवर.

मी तिच्यासमोर पुस्तकात शिकलेलं उद्दिष्ट ठेवलं होतं: आधाराशिवाय दहा मीटर चालणं. तिनं मान हलवली. तिला बुटक्या स्टुलावर बसून कॉफी करायची होती आणि हातात कप घेऊन न अडखळता उठायचं होतं. इथे कॉफी म्हणजे तासाभराचं काम. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, शेगडीवर कच्च्या बिया भाजतात, तो धूर प्रत्येकीच्या नाकाशी फिरवतात, मग कुटून मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या होतात, आणि तिसरी घेतल्याशिवाय उठणं बरं दिसत नाही. वॉर्डाच्या व्हरांड्यात पहिल्यांदा बसवलं तेव्हा माझं लक्ष पुढच्या पेशंटकडे होतं. दुसऱ्या फेरीला ती मुलगी आपणहून बोलायला लागली. घरच्यांनी तिला मागच्या झोपडीत ठेवलं होतं. लघवी कमी गळेल या समजुतीनं ती पाय पोटाशी घेऊन पडून राहायची, पाणीही पीत नसे. गुडघे का आखडले ते मला तिथे कळलं. केसपेपरवर यातलं अक्षर नव्हतं. म्हणून पांडुरंगा, तीनही फेऱ्या बसून राहण्याचा धीर मला दे. तोही उपचाराचाच वेळ आहे.

त्यांच्या उपासाचा मान राखायचं बळ दे. एकादशीला आपल्याला दूध-तूप चालतं; यांच्या बुधवार-शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या ५५ दिवसांत दूध, तूप, अंडं, मांस सगळंच वर्ज्य. आजाऱ्याला सूट असते, पण ती घ्यायला या मुली तयार नसतात, आणि जखम भरायला तर अंगात काही जायला हवं. मग डाळी, शेंगदाणे आणि शिरो यावर भर देते. हा शिरो म्हणजे अगदी आपलं पिठलंच. परवा त्या मुलीच्या आईनं इंजेराच्या, म्हणजे इथल्या भाकरीच्या तुकड्यात तो गुंडाळून मोठा घास थेट माझ्या तोंडात भरवला, मग लेकीच्या, मग लेकीनं आईच्या. कित्येक महिने जिच्या ताटाजवळ कुणी बसलं नव्हतं, त्या लेकीनं. तो घास त्यांना लाभू दे.

मला इथे अपरिहार्य करू नकोस. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर जोडपं १९५९ साली अदिस अबाबाला आलं ते तिथलंच झालं. १९७४ साली त्यांनी या बायांसाठी वेगळं रुग्णालय उभारलं. त्यांच्याकडे पेशंट म्हणून आलेली, शाळा न पाहिलेली मामितू गाशे पुढे हीच शस्त्रक्रिया करणारी निष्णात सर्जन झाली. मी तर परत जाणार आहे. थोडे दिवस येऊन स्वतःच्याच हातानं सगळं करून जाणाऱ्या माणसाचा इथे फारसा उपयोग नाही, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून माझ्या शेजारी काम करणाऱ्या इथल्या सहायिकांच्या बोटांत ही विद्या उतरू दे. त्यांतल्या एकदोघी कधीकाळी याच खाटांवर होत्या. माझ्यापेक्षा त्यांचं बोलणं त्या मुलींना पटतं.

आणि ती मुलगी घरी जाईल तेव्हा तिला पुन्हा दिवस राहतील. पुढचं बाळ सिझेरियननंच व्हायला हवं, कळा सुरू होण्याआधी तिनं निघायला हवं. गडचिरोलीत माहेरघरं आहेत तशी इथेही आरोग्य केंद्रांजवळ दिवस भरत आलेल्या बायांना राहायची सोय असते. तिथवर ती वेळेत पोचू दे. सासरच्यांना अडवायची बुद्धी होऊ देऊ नकोस. ते दिवस पावसाळ्याचे असले तर रस्ता वाहून जाऊ देऊ नकोस, ओढ्याला उतार असू दे. त्या दिवशी सर्जन जागेवर असू दे, रक्त असू दे, वीज असू दे.